रोमची लांडगी, इयत्ता चौथी

शाळा म्हणजे शांती नगरमधल्या एका बिल्डिंगच्या तळमजल्यावरचे चार गाळे. बांधले होते दुकानांसाठी, पण गिऱ्हाईक फिरकेना म्हणून मालकांनी मधल्या भिंती पाडल्या आणि तिथं इंग्रजी माध्यमाची शाळा काढली. शटर वर गेलं की शाळा भरायची, खाली आलं की सुटायची. दोन वर्गांच्या मध्ये नुसतं प्लायवूड. तिसरीचे पाढे चौथीत ऐकू यायचे आणि चौथीतला माझा आवाज थेट मालकांच्या केबिनमध्ये जायचा. माझा आवाज तसाही मोठाच आहे. घरातले म्हणतात, तुला फोन कशाला हवा, खिडकी उघड आणि बोल.

नव्वद सालच्या आसपासचं हे सगळं. मिरा रोडला तेव्हा आधी बिल्डिंगी आल्या, मग माणसं आली, आणि पाणी यायचं राहूनच गेलं. मी लग्न होऊन परळहून इथं आले. मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, तेही गाईडं घोकून. इंग्रजी बोलायची वेळ आली की मला घाम फुटायचा. तरी चौथीचं इंग्रजी माझ्याच गळ्यात पडलं, कारण फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्या बायका बोरिवलीच्या पुढे यायला तयार नव्हत्या.

मालकांना सगळे ‘सर’ म्हणायचे. सरांचा मूळ धंदा लाद्यांचा, पण माणूस हौशी. एकदा ते फोर्टच्या फुटपाथवरून एक जुनं विलायती पुस्तक घेऊन आले. मुलांना वाचलेलं समजतं की नाही हे तपासायचं पुस्तक होतं ते. एका पानावर उतारा, समोरच्या पानावर प्रश्न. आणि सगळे उतारे प्राचीन रोमच्या दंतकथांचे. नदीत सोडून दिलेली जुळी मुलं आणि त्यांना दूध पाजणारी लांडगी. शत्रू गुपचूप चढून येत असताना ओरडून शहर जागं करणारी बदकं. एकटा पूल अडवून उभा राहिलेला शिपाई. शत्रूच्या राजासमोर स्वतःचा हात विस्तवात धरणारा तरुण. सरांनी त्यातली एक ओळही वाचली नसावी. पण शाळेच्या पत्रकावर त्यांनी ‘फॉरेन पॅटर्न’ असं छापून घेतलं आणि रोम येऊन आमच्या पोरांच्या मानगुटीवर बसलं.

आता आमच्या शाळेची एक रीत सांगायला हवी. परीक्षेत ‘अनसीन पॅसेज’ असतो, म्हणजे मुलानं आधी कधीही न पाहिलेला उतारा. तो वाचायचा, समजून घ्यायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहायची. आमच्याकडे हा न पाहिलेला उतारा परीक्षेच्या महिनाभर आधी वर्गात वाटला जायचा. स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइल करून, बोटं शाईनं काळी करून मी त्याच्या प्रती काढायची. छपाई फिकी यायची म्हणून तोच उतारा पुन्हा तोंडी सांगायची, ‘कॉमा’, ‘फुलस्टॉप’ करत. मग फळ्यावर उत्तरं. ती उत्तरंही माझी नव्हेत. शाळेत माझ्याहून बऱ्याच ज्येष्ठ एक टीचर होत्या, वरच्या वर्गांच्या. त्यांनी सगळ्या उताऱ्यांची ‘मॉडेल आन्सर्स’ एकदाच करून ठेवली होती. पेपर त्याच तपासायच्या. मुलाचं उत्तर त्या कागदाशेजारी धरायचं, शब्द जुळले तर बरोबर, नाही जुळले तर फुली.

पालकांना यात काहीही वावगं वाटत नव्हतं. पुष्कळांना स्वतःला इंग्रजी येत नव्हतं, पण मूल पाठ म्हणताना अडखळलं तर ते बरोबर कळायचं. “बच्चे ने देखा ही नहीं तो लिखेगा कैसे?” असं एका वडिलांनी मला तोंडावर विचारलं होतं. मी घरी येऊन नवऱ्याला ते नक्कल करून दाखवलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

वर्गात पेणकरपाड्याहून येणारी एक मुलगी होती. बारकीशी, दोन घट्ट वेण्या, केसांचं तेल कपाळावर उतरलेलं. मराठवाड्यातलं बौद्ध कुटुंब. वडील एका सरकारी कचेरीत शिपाई, आई अंधेरीच्या कारखान्यात पॅकिंगला. त्यांच्या भाड्याच्या खोलीत मी पुढे गेले होते. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिच्याखाली एक फळी आणि फळीवर फक्त या मुलीची पुस्तकं. बाकी सगळं सामान जमिनीवर. तिची आई पहिल्याच पालकसभेला मला म्हणाली, “बाई, मला सातवीतून काढलं. का काढलं म्हणून इचारायची बी सोय नव्हती. हिला इंग्लिश आलं पाहिजे. दुसरं काही मागत नाही मी.”

मुलगी पाठांतरात वर्गात पहिली. लांडगीचा उतारा एका दमात म्हणायची, आणि मी सांगताना जे जे बोलले होते ते सगळं त्यात यायचं. ‘देअर केम अ शी-वुल्फ कॉमा हू हॅड लॉस्ट हर कब्ज कॉमा...’ मला आधी मजा वाटली. मग एकदा मी सहज विचारलं, “शी-वुल्फ म्हणजे काय गं?”

ती ताडकन उभी राहिली. “क्वेश्चन नंबर टू, टीचर.”

दिवाळीनंतर मी गंमत म्हणून बदकांचा उतारा वाटला, उत्तरं न देता. बघू तरी काय करतात. शहराला कोणी जागं केलं, असा पहिला प्रश्न होता. तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की लांडगीनं त्यांना आपलं दूध पाजलं. पुढची उत्तरंही लांडगीचीच, ओळीनं, एकही चूक नाही. बाकीच्यांचे पेपरही काही फार निराळे नव्हते, पण कुणाची मोठी बहीण कॉलेजात होती, कुणाला शिकवणी होती. हिला कोणी नव्हतं. मी तो कागद हातात घेऊन बसले. चार वर्षं ही मुलगी इंग्रजी शाळेत येत होती आणि तिला एक वाक्य कळत नव्हतं. आणि हे तिच्या आईला माहीत नव्हतं, तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

जानेवारीत सरांनी मीटिंग घेतली. शाळेला मान्यता हवी होती, पुढचे वर्ग काढायचे होते, तपासणीला साहेब येणार होते. सर बडीशेप चघळत म्हणाले, “इस बार एन्युअल में सच्चा वाला अनसीन आएगा. नया पॅसेज. और चौथी में जो इंग्लिश में फेल, उसको एलसी दे देंगे. पाँचवीं में हमको अच्छा रिझल्ट माँगता है.”

एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. हातात दाखला, आणि पुढे तुमचं तुम्ही बघा. मराठी शाळा होती ना, झेडपीची, थोड्याच अंतरावर. मी स्वतः तसल्याच शाळेतून आलेली, मला तिथं काही कमीपणा वाटत नाही. पण त्या बाईला मी काय सांगणार होते? तिच्या सगळ्या आयुष्यात एकच फळी भिंतीवर लागली होती, ती मी उतरवायची होती का? मला त्या मीटिंगमध्ये अक्षरशः रडू येत होतं आणि ज्येष्ठ टीचर माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सर्दी झालीय का तुला?”

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी त्या मुलीला माझ्या घरी आणायला लागले. शाळेत मराठी बोलायला बंदी होती, दारावर ‘इंग्लिश ओन्ली’ची पाटी. घरी मला कोण अडवणार? तिची आई कामावरून परतेपर्यंत आम्ही दोघी आणि रोम.

तो पहिला महिना मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. काही म्हणजे काही उजेड पडेना. मी एक वाक्य वाचायची, तिला विचारायची, यात काय झालं? ती माझ्या तोंडाकडे बघायची. डोळे मोठे, ओठ हलायला तयार, फक्त मी पहिला शब्द द्यायची खोटी. “टीचर, तुम्ही लिहून द्या ना, मी उद्या करून आणते.” रोज हेच. मी समजावलं, चित्रं काढली, हाताची मूठ करून चुलीवर धरून दाखवली, पलंगाचा पूल केला आणि स्वतः त्याच्या टोकाला लाटणं घेऊन उभी राहिले. ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “हे वहीत लिहायचं का?” त्या दिवशी मी लाटणं आपटलं. ती घाबरून भिंतीला चिकटली, आवाज न करता रडली आणि डोळे पुसून पुन्हा कागद समोर घेऊन बसली. तिनं तक्रार केली असती तर मला बरं वाटलं असतं. मला तिचा राग येत नव्हता. मला त्या सायक्लोस्टाइलच्या कागदांचा, सरांच्या बडीशेपेचा, माझ्या गाईडं घोकून मिळवलेल्या बी. ए.चा राग येत होता. एवढ्याशा मुलीच्या डोक्यात आपण काय भरून ठेवलंय आणि ते आता काढायचं कसं, या विचारानं मला रात्री जेवण जात नव्हतं.

नवरा म्हणाला, “तू एका पोरीसाठी एवढी का सुकतेयस?”

“वर्गात दुसरी कोण आहे जिला घरी विचारणारं कोणी नाही?” मी म्हणाले.

“मग तिला पाठच करू दे. तुझं काय अडलंय?”

“नवीन उतारा येणारेय. न पाहिलेला. पाठ काय करणार, कपाळ?”

त्यानं उठून दिवा मालवला.

मग एक दिवस टँकर आला. आमच्या बिल्डिंगला पाण्याचा टँकर यायचा त्याचा काही नेम नसे. हॉर्न वाजला की हातातलं टाकून हंडे घेऊन पळायचं. आम्ही दोघी एक हंडा आणि दोन कळश्या घेऊन रांगेत उभ्या राहिलो. पुढे गुजराती शेजारीण, मागे तिसऱ्या मजल्यावरची बाळंतीण, तिची आई बाळ घेऊन बाजूला सावलीत. रांग हलेना. पुस्तक वर राहिलं होतं, म्हणून मी नुसतीच बोलत सुटले. शिकवायचं म्हणून नव्हे, वेळ काढायला. “एक राजा होता, फार पाजी. त्यानं भावाच्या मुलीची जुळी बाळं नदीत सोडायला लावली. टोपली वाहत वाहत काठाला लागली. तिथं एक लांडगी पाण्यावर आली. तिची पिल्लं गेली होती नुकतीच...”

“म्हणजे मेली?”

“मेली.”

ती थोडा वेळ हंड्याच्या काठावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “मग तिला दूध दुखत असेल.”

मी तिच्याकडे बघितलं.

“माझ्या मावशीचं बाळ गेलं ना टीचर, तेव्हा तिला दुखायचं. ती रडायची. आई म्हणाली, पिणारं कोणी नाही म्हणून दुखतंय.” आणि मग एकदम, “म्हणून नाही खाल्लं तिनं त्यांना! त्यांनी पिलं म्हणून तिला बरं वाटलं.”

मागची बाळंतीण ऐकत होती. तिनं पुढे होऊन आमची कळशी उचलून नळीखाली लावली. मी हंडा तिथंच टाकला. खरं सांगते, पाणी वाहून जात होतं आणि मी त्या मुलीला घेऊन दोन दोन पायऱ्या चढत घरी आले. कागद तिच्यापुढे ठेवला. “वाच. लांडगी येते तिथलं वाच. सावकाश.”

तिनं वाचलं. ‘हू हॅड लॉस्ट...’ ती थांबली. बोट त्याच शब्दावर. “टीचर, लॉस्ट म्हणजे हरवणं ना? कब्ज म्हणजे तिची पिल्लं?” मग तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, “हे इथंच लिहिलंय! पहिल्यापासून?”

पहिल्यापासून. सहा महिने रोज तोंडानं म्हणत होती ती ते.

त्यानंतर तिला जी भूक लागली, ती मला आवरेना. उताऱ्यात पुढे ज्याला बाळं सापडतात त्या धनगरानं ती घरी का नेली, त्याच्या बायकोला मूल नव्हतं का, पुढे मोठं झाल्यावर एका भावानं दुसऱ्याला का मारलं, भिंत ओलांडली एवढ्यावरून कोणी मारतं का? पुलावरच्या शिपायानं आधी पळून जाऊन मग पूल का नाही तोडला? बदकांना नंतर कापून खाल्लं की सोडून दिलं? उत्तरं ती स्वतःची लिहायची, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, ‘हिज वाइफ वॉज हॅविंग नो बेबी, सो ही टुक’, पण बोट ठेवून दाखवायची, हे इथून घेतलं. एक दिवस मी मुद्दाम म्हटलं, लांडगीचा उतारा पाठ म्हणून दाखव बघू. तिला येईना. दोन वाक्यं म्हणाली आणि थांबून विचार करायला लागली. मी वेडी, मला इतका आनंद झाला की मी तिला जवळ घेतलं. आणि तिच्याकडून कबूल करून घेतलं, की पेपरात पाठ केलेलं काही लिहायचं नाही. वाचायचं, डोळ्यांपुढे आणायचं, मग लिहायचं. तिनं गळ्याला चिमटा लावून शप्पथ घेतली.

परीक्षेच्या आधी पालकांचा घोळका सरांच्या केबिनमध्ये शिरला. नवीन पॅसेज म्हणजे आउट ऑफ सिलॅबस, मुलांवर अन्याय, फी कशाला घेता, वगैरे. प्लायवूडमधून सगळं ऐकू येत होतं. सरांनी सगळ्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. काय ठरलं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. पेपर ज्येष्ठ टीचर काढणार होत्या.

पेपरच्या दिवशी माझी देखरेख त्याच वर्गावर होती. गठ्ठा सोडला आणि वरचाच कागद पाहिला. लांडगीचा उतारा. तोच, फिक्या छपाईचा, तेच प्रश्न. नवीन काहीही नव्हतं. सरांनी पालकांपुढे मान तुकवली होती.

माझ्या मनावरचा धोंडा उतरला. सुटली पोरगी, मी मनात म्हटलं. हा तर तिला आतूनबाहेरून ठाऊक आहे. बाकीची मुलं मान खाली घालून भराभरा लिहीत होती. ती मात्र उतारा वाचत होती. सावकाश, ओळीखाली बोट धरून, आयुष्यात पहिल्यांदा पाहावा तसा. मध्येच तिनं वर बघितलं, माझ्याकडे बघून हसली, आणि लिहायला घेतलं.

निकालाच्या आधी मी तिचा पेपर पाहिला तेव्हा उताऱ्याच्या पानावर फुल्याच फुल्या होत्या. लांडगीनं मुलांना का खाल्लं नाही? मॉडेल उत्तर होतं, कारण ती दयाळू होती. हिनं लिहिलं होतं की तिची स्वतःची पिल्लं मेली होती आणि दूध होतं. फुली. धनगरानं मुलांना घरी का नेलं? मॉडेल उत्तर, कारण त्याला दया आली. हिनं लिहिलं होतं की त्याच्या बायकोला बाळ नव्हतं. उताऱ्यात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. फुली. व्याकरण, निबंध यांत तिचं कसंबसं भागलं होतं, पण उताऱ्यानं तिला बुडवलं. पासाला चार मार्क कमी.

मी तो पेपर घेऊन ज्येष्ठ टीचरांकडे गेले. “हे बघा ना, इथं ओळ आहे. बरोबर आहे तिचं.”

त्यांनी चष्मा वर सरकवला. वाईट बाई नव्हत्या त्या, थकलेल्या होत्या. “अगं, पण हे मॉडेल आन्सरमध्ये नाहीये. आणि इंग्लिश बघ काय आहे. सगळ्या वर्गानं एक उत्तर लिहिलं आणि एकीनंच निराळं लिहिलं, तर मी चूक कोणाची धरू?”

“सगळ्या वर्गानं पाठ केलंय! हिनं एकटीनं वाचलंय!”

“हळू बोल,” त्या म्हणाल्या.

मी हळू बोलले नाही. तशीच केबिनमध्ये गेले. सरांपुढे उतारा ठेवला, बोट ठेवून ओळ दाखवली, जमेल तेवढ्या हिंदीत सांगितलं की अख्ख्या वर्गात ही एकच मुलगी पास आहे आणि बाकी सगळे नापास आहेत. तिसरीचा वर्ग चिडीचूप होऊन ऐकत होता. मी हात जोडले. होय, जोडले. तुमच्या शाळेत मला रोज येऊन जे शिकवायला सांगता ते मी शिकवलं, आणि ज्या एकीला ते आलं तिलाच तुम्ही काढताय, असं म्हणाले.

सर शांतपणे म्हणाले, “मॅडम, आप इमोशनल हो रहे हो. एक का मार्क बदला तो सबके पेरेंट्स आके बैठेंगे. इतने दिन आपने घर पे पढ़ाया ना? वोही पढ़ाते, जो क्लास में दिया था.”

दाखला न्यायला तिची आई कामावर खाडा करून आली. मुलगी बरोबर नव्हती. शटरबाहेरच्या ओट्यावर ती माझ्याशेजारी बसली, दाखल्याची घडी हातात. रडली नाही. मला वाटत होतं तिनं मला चार शिव्या द्याव्यात.

“बाई,” ती म्हणाली, “तिला येत नव्हतं का?”

“येत होतं. सगळ्यांत जास्त तिलाच येत होतं.”

“मग नापास कशी?”

मी तिला सगळं सांगितलं. उतारा, मॉडेल उत्तर, लांडगी, फुल्या. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मध्ये एकदा, मावशीचं आलं तेव्हा, तिनं पदराचं टोक तोंडाला लावलं. “चांगलं शिकवलं तुमी,” ती म्हणाली. “पण बाई, ते मोठ्या घरच्या लेकरांला परवडतंय. आमाला नाही. आमच्या लेकराला आदी पास करायचं असतं.”

मी चुकले असं मला त्या वेळीही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण त्या बाईचंही चुकलं नव्हतं, आणि हे एकदा मनात शिरलं ते आजवर निघालेलं नाही. मी बिनकामाची होते. तिला द्यायला माझ्याकडे काहीही नव्हतं.

मे महिन्यात ती पुन्हा आली, या वेळी मुलीला घेऊन, माझ्या घरी. भाईंदर पूर्वेला एका इंग्रजी शाळेत पाचवीला प्रवेश परीक्षा होती. शेजारणीच्या मुलानं आदल्या वर्षी ती दिली होती. तिथंही नवा उतारा वगैरे काही भानगड नव्हती. “उंटाचा येतो म्हने, दरवर्षी तोच,” असं म्हणून आईनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. उतारा आणि खाली उत्तरं, कुणीतरी हातानं उतरवलेली. “एवढं हिच्याकडून करून घ्या बाई. तुमच्याशिवाय कोणाकडं जाऊ?”

तिला तिथं प्रवेश मिळाला, हे आत्ताच सांगून टाकते. पुढे त्यांनी घर बदललं आणि माझा संबंध सुटला. शांती नगरच्या शाळेत मीही फार दिवस राहिले नाही.

पण त्या दुपारी आम्ही तिघी जमिनीवर बसलो होतो, डोक्यावर पंखा, मध्ये तो कागद. मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. मी कागद हातात घेतला आणि सवयीनं सुरुवात केली, “बघ हं, उंट वाळवंटात राहतो, आणि त्याच्या पाठीवर...”

तिनं पटकन हात पुढे करून माझ्या हातातल्या कागदावर ठेवला.

“टीचर, अर्थ नका सांगू,” ती म्हणाली. “अर्थ कळला की माझं पाठ राहत नाही.”

तिची आई माझ्याकडे बघत होती. मी अर्थ सांगितला नाही. पहिलं वाक्य म्हटलं, आणि ती माझ्यामागून म्हणायला लागली.